लसूण काढायच्या आत

लसूण निघाला त्या दिवशी आई घरी नव्हती, आणि लसूण काढून झाल्यावरही ती आली नाही. हे असं झालं. आता हे झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण त्या रविवारी सकाळी पावणेआठला शेतावर जमलेली पाचही माणसं तसंच धरून चालली होती.

शेत म्हणजे बारा वाफे, एक पत्र्याची खोली, एक टाकी आणि कुंपण. त्याला शेत म्हणायचं ते बाबांच्या समाधानासाठी. बाबांनी अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर जाहीर केलं की आता उरलेलं आयुष्य जमिनीवर काढणार. आईने सदतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढली होती. तिने काहीच जाहीर केलं नाही. तिने लसूण लावला.

तेव्हापासून या घरात तारखा लसणावर चालतात. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते ओलीचा डाग झाकायला. थोरल्याचं लग्न लागवडीच्या आधी झालं, धाकटीने वेगळं घर घेतलं ते पहिल्या खुरपणीला, आत्याचा गुडघा गेला तो काढणीच्या दुसऱ्या दिवशी. बँकेतला माणूस जन्मतारीख विचारायचा तेव्हा घरातले सगळे आधी मनातल्या मनात हिशेब करायचे.

म्हणून लागवडीनंतर चौथ्या दिवशी, दोन बॅगा भरून दारात उभी असताना आईने, "एवढं एक सत्र शिकवते आणि लसूण काढायच्या आत येते," असं सांगितलं तेव्हा सगळ्यांना ती पक्की तारीख वाटली. दोन गाड्या आणि एक बोट बदलून जावं लागेल अशा डोंगरातल्या गावात नर्सिंगची शाळा होती. तिथे त्यांना कुणीतरी अनुभवी बाई हवी होती. आईचं वय बासष्ट. बाबा म्हणाले होते, "जा की." हे दोन शब्द त्यांनी हिवाळाभर रोज परत परत ऐकले होते, स्वतःच्याच आवाजात.

*

"आज काढायचा," थोरला म्हणाला. गाडीतून उतरतानाच म्हणाला, म्हणजे एक पाय अजून आत होता. थोरला दातांचा डॉक्टर. कुठलीही गोष्ट दुखायला लागण्याआधी उपटावी असं त्याचं एकंदर मत होतं. "पात पिवळी पडली. माना पडल्या. आणखी ठेवला तर गड्डे फुटतील."

"कुठे पिवळी पडली?" बाबा पत्र्याच्या खोलीसमोरच्या पायरीवरून न उठता म्हणाले. "इकडे बघ. हिरवीगार."

दोघंही खरं बोलत होते, हीच अडचण होती. खोलीकडचे डावे सहा वाफे कोथिंबिरीला लाज वाटावी इतके हिरवे होते. कुंपणाकडचे उजवे सहा असे वाळले होते की धाकटीने जवळून जाताना ओढणी आवरून घेतली, ठिणगी पडेल म्हणून. बियाणं एक, लागवड एकाच दिवशी, हात एकाच बाईचा.

"एकाच आईची लेकरं," आत्या गाडीतून हळूहळू उतरत म्हणाली, "एक हे असं आणि एक ते तसं. नवीन काय त्यात." आणि तिने थोरल्याकडे आणि धाकटीकडे आळीपाळीने पाहिलं. कोण हिरवं आणि कोण पिवळं ते सांगितलं नाही.

आत्या बाबांहून सहा वर्षांनी मोठी. जन्मभर शिवणकाम केलं. डोळे अधू झाले तरी कुणाचं कुठे उसवलंय ते तिला लांबून दिसायचं. एकाहत्तर वर्षांच्या बाबांना बाळ्या म्हणणारं जगात उरलेलं ते एकमेव माणूस होतं. आज तिने पर्स मांडीवर अशी धरली होती की जणू आत काहीतरी जिवंत आहे.

"आपण आईला विचारल्याशिवाय काही करायचं नाही," सून म्हणाली.

"आईने विचारलं होतं का जाताना?" धाकटी म्हणाली.

धाकटी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. त्यामुळे ती घरात काहीही म्हणाली तरी ऐकणाऱ्याला आपण उशिरा पोचणार असं वाटायचं. आता तर तिने मुद्दामच तो आवाज लावला होता. "सहा महिने. ती म्हणाली होती काढायच्या आत. लसूण तयार झालाय. तिला कळवा, की बाई, झालाय, ये."

"तयार झालेला नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, माना पडल्यात!"

"आळसाने पडल्यात."

सुनेने थर्मास उघडला आणि पहिला कप बाबांना दिला. नवऱ्याला दिला नाही. थोरल्याने हे पाहिलं. सून तरण तलावावर पोहायला शिकवायची आणि सासऱ्यांच्या बाजूने क्वचितच असायची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पहिल्या वर्षी सासरे-सुनेत टॉवेलवरून झालेलं भांडण अजून नीट वाळलं नव्हतं.

"तू त्यांच्या बाजूने कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"मी कुणाच्या बाजूने नाही. मी लसणाच्या बाजूने आहे."

हे खोटं होतं. दर बुधवारी दुपारी तिला आणि आईला एकदमच सुट्टी असायची. दोघी इथे यायच्या. खुरपायच्या कमी, बसायच्या जास्त. लग्नाआधी सुनेला वाटायचं की आपल्याला बोलायला आवडत नाही. सासूबाईंनी पाच वर्षं काही न विचारता ऐकून घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की आजवर ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं. आई गेल्यावरही ती बुधवारी यायची. कुणाला सांगत नव्हती. एकटी बसायची, आणि बसल्या बसल्या काहीतरी करावं म्हणून डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह फिरवायची.

*

नऊ वाजता फोन आला. आईचा मोकळा तास; त्या शाळेत रविवारीही वर्ग असायचे. धाकटीने फोन आडवा धरला आणि सगळे त्यात मावायला एकमेकांना खेटले. बाबा मात्र बाजूला उभे राहिले. ते नेहमी असेच फोनच्या बाहेर उभे राहून बोलायचे.

आई पडद्यावर आली. केस कापलेले. कुणाला सांगितलं नव्हतं.

"केस!" धाकटी म्हणाली.

"हो, कापले. अहो कुठे आहेत?"

"इथेच," बाबा फोनच्या बाहेरून म्हणाले. ते केसांकडे बघायला पुढे आले आणि बघितल्यावर परत मागे गेले.

"बरं, गर्दी नको. मला वाफे दाखव. हळू. वरून नको, बुडाशी ने."

धाकटीने फोन वाफ्यांवरून फिरवला. आई सदतीस वर्षं अशा लोकांकडे बघत आली होती ज्यांना भूल दिलेली असायची आणि जे आपल्याला काय होतंय ते सांगू शकत नसत. तिला तीन वाफे पुरले.

"थांब. पाणी कोण घालतंय?"

वाऱ्याने पत्रा वाजला.

"काढणीच्या आधी तीन आठवडे पाणी तोडायचं असतं. मी लिहून ठेवलंय, खोलीच्या दाराला आतून चिकटवलंय. डावीकडे चिखल झालाय. कोण घालतंय?"

"मी थोडं..." बाबा म्हणाले.

"मी पण, बुधवारी," सून म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन चोर एकाच खिडकीतून एकाच वेळी आत शिरल्यावर पाहतात तसं.

"आणि उजवीकडे?"

बाबांची कहाणी अशी होती. हिरवा लसूण काढता येत नाही. काढता येत नाही तोवर आईची मुदत संपत नाही. मुदत संपत नाही तोवर आई शब्द मोडत नाही. एवढंच. दिवसाआड दुपारी ते स्कूटरवर यायचे, डाव्या ओळीला पाणी सोडायचे आणि पायरीवर बसून पातीचा रंग बघायचे. जन्मभर ज्या माणसाने थांबलेली गोष्ट चालू केली, त्याने निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एक चालू गोष्ट थांबवायला घेतली होती.

धाकटीची कहाणी नेमकी उलटी. लसूण लवकर वाळला तर आईला लवकर यावं लागेल. म्हणून गेले तीन महिने दर सोमवारी ड्यूटीवर जाण्याआधी ती शेतावर यायची आणि उजव्या ओळीचा व्हॉल्व्ह बंद करून जायची. थोरल्याचं गणितही तेच होतं, फक्त त्याचा दवाखाना गुरुवारी बंद असायचा. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. भाऊ-बहिणीत असं बोलायची पद्धत लहानपणीच, एका तुटलेल्या रेडिओनंतर, बंद पडली होती.

"मी उजवीकडचा बंद करत होते," धाकटी म्हणाली. "सोमवारी."

"तू?" थोरला म्हणाला. "मी गुरुवारी करत होतो."

"बंद?"

"हो, बंद. फिरवून."

"दादा, तो मी आधीच बंद केलेला असायचा."

व्हॉल्व्हच्या चाकावरचा बाण बाबांच्या हौशी रंगकामात कधीच बुजला होता. टाकी तेव्हा रिकामी असायची, त्यामुळे पाण्याचा आवाजही यायचा नाही. तो दर गुरुवारी इमानदारीने येत होता, बंद व्हॉल्व्ह पूर्ण उघडत होता, हात झटकत होता आणि आई येणार या समाधानात घरी जात होता. शुक्रवारी बाबा टाकी भरायचे. मग सोमवारपर्यंत उजवीकडे पूर, सोमवारपासून दुष्काळ, आणि या हेलकाव्यांत पात करपून गेली.

"म्हणजे त्या लसणाने," आत्या म्हणाली, "तीन महिन्यांत सगळे ऋतू बघितले."

फोनमध्ये आई हसली. ते हसू बाबांनी फोनच्या बाहेर उभं राहून ऐकलं आणि खाली चिखलाकडे बघत राहिले.

"आज काढा," आई म्हणाली. "सगळा. आजच."

"तू आल्यावर काढू," बाबा म्हणाले. "पाणी आजपासून बंद. आठ दिवस थांबेल तो."

"नाही थांबायचा."

"थांबवतो मी."

"अहो, लसूण आहे तो." तिने एक छोटा श्वास घेतला. मागे घंटा वाजली, आणि एका मुलीचा आवाज आला, मॅडम, सगळ्या आल्यात. "माझा तास आहे. बारा वाजता परत करते. वन्सं, टपालाने पाठवलेलं ते आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," आत्या म्हणाली.

"लसूण निघाल्यावरच."

"हो गं बाई, आठ दिवस तेच घोकतेय."

फोन बंद झाला. चौघंही आत्याच्या पर्सकडे बघू लागले.

*

"काय दिलंय?" थोरला म्हणाला.

"पाकीट."

"काय आहे त्यात?"

"कागद असतो पाकिटात. तुझ्या दवाखान्यात काय घालतात?"

"आत्या!"

"ओरडू नकोस, मी पेशंट नाही तुझी. तिने सांगितलं लसूण निघाला की बाळ्याला द्यायचं, निघाल्यावर देईन. तोवर हात लावायचा नाही."

धाकटीला कळलं. काय आहे ते नाही, पण कसं आहे ते. गाडी येणार असेल तर कुणी पाकिटात घालून पाठवत नाही. रद्द झालेल्या गाडीची घोषणा तीच करायची आणि त्याआधी एक छोटा श्वास घ्यायची. आईने आत्ता घंटेच्या आधी नेमका तोच श्वास घेतला होता.

"नको काढायला," ती म्हणाली.

"काय?" थोरला म्हणाला.

"बाबा बरोबर म्हणतात. आठ दिवस थांबू."

"आत्ता तर तू..."

"मी चुकले. लोक चुकतात. तू तीन महिने उलटा व्हॉल्व्ह फिरवलास."

थोरल्याने बहिणीकडे नीट पाहिलं. रेडिओनंतर बहुधा पहिल्यांदाच. तिची हनुवटी थरथरत होती. त्याच्या खुर्चीत बसणारी धीट माणसं सुईच्या आधी अशीच हनुवटी करतात. मग त्यालाही कळलं.

"खरंय," तो म्हणाला. "ओल्या जमिनीत काढू नये. मातीचा थर राहतो गड्ड्यावर. थांबू."

अशा रीतीने सव्वानऊ वाजता पक्ष बदलले. आज काढा म्हणणारे दोघं आता कधीच नको म्हणत होते. सून कुणाच्या बाजूला जावं ते न कळून कप विसळत राहिली. कप तीनदा विसळून झाले. आत्या पर्सवर हात ठेवून बसली होती. ती काही म्हणेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ती म्हणाली.

"मलाही रोज वाटायचं, इथे यावं आणि पाणी घालावं. हे गुडघे नसते तर मीही घातलं असतं. तिच्यासारखं माणूस या घरात येऊन चाळीस वर्षं झाली, आणि माझ्या भावाची बायको म्हणून मी तिच्याशी पहिली दहा वर्षं नीट बोललेही नव्हते. मग बोलायला लागले. आता ती फोनवर असते, आणि फोनवर मला शब्द सुचत नाहीत. मी आपली हं हं करते. ती तिकडून हं हं करते. पैसे जातात."

बाबा उठले. खोलीत गेले. दाराला आतून चिकटवलेला आईचा कागद त्यांनी वाचला. ते तो रोज वाचायचे. चौथ्या ओळीत पाणी तोडण्याबद्दल लिहिलं होतं आणि खाली रेघ मारली होती. मग ते काट्याचं फावडं घेऊन बाहेर आले.

"बाबा, थांबू ना आठ दिवस," धाकटी म्हणाली. "तुम्हीच म्हणत होतात."

"म्हणत होतो." त्यांनी बाह्या वर केल्या. "लिफ्ट अडकली की लोक काय करतात माहितीये? सगळी बटणं दाबतात. कुणी वरचं, कुणी खालचं, कुणी दार उघडायचं, कुणी बंद करायचं. सगळ्यांना एकच पाहिजे असतं, घरी जायचं असतं. पण बटणं सगळी दाबून ठेवतात, आणि मग ती जागची हलत नाही. तेच केलं आपण."

"मग?"

"मग काही नाही. आत कोणीतरी आहे असं कळल्यावर मी बाहेर चहा पीत बसलोय, असं कधी झालं नाही. दार उघडावं लागतं. आत जे असेल ते असेल." त्यांनी आत्याच्या पर्सकडे बघितलं नाही. पहिल्या वाफ्याच्या कडेला काटा रोवला आणि त्यावर पाय दिला.

*

लसूण ओढून काढायचा नसतो. बाजूने माती सैल करायची, खालून उचलायचं आणि मान धरून हलकेच घ्यायचं. थोरल्याला हे कधीच जमलं नव्हतं, आज जमलं. पहिला गड्डा त्याच्या हातात आला तो काळा आणि मऊ. दुसराही तसाच. सुनेने नाकाला हात लावला. डाव्या सहा वाफ्यांतला अर्ध्याहून जास्त लसूण बुडातून सडला होता. वरून हिरवागार होता म्हणून कुणाला कळलं नाही. बाबांनी एक सडका गड्डा बराच वेळ हातात धरला. तो इतर सडक्या गड्ड्यांसारखाच होता, पण त्यांनी तो ढिगात फेकला नाही. वाफ्याच्या कडेला ठेवला.

"उकरा पुढे," आत्या खुर्चीवरून म्हणाली. "त्याच्याकडे बघत बसून तो बरा होणार नाही."

उजवीकडचे गड्डे तडकलेले होते. पाकळ्या एकमेकींपासून सुटून बाहेर आलेल्या. काही तर मातीतच वेगवेगळ्या होऊन पुन्हा कोंब टाकायला निघाल्या होत्या.

"हे तुझं," धाकटी थोरल्याला म्हणाली.

"हे आपलं," थोरला म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तू दर सोमवारी यायचीस? पहाटेच्या ड्यूटीच्या आधी?"

"हो."

"काय करायचीस एवढा वेळ?"

"काही नाही. पायरीवर बसायचे. तू?"

"मी पण तेच."

"मला तुझ्या बिस्किटांचे पुडे सापडायचे. मला वाटायचं बाबांचे."

"बाबांना साखर आहे."

"म्हणूनच मी बोलले नाही."

सून ऐकत होती. चार माणसं आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी एकाच पायरीवर येऊन बसत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यामुळे ही पायरी रिकामी नाही. तिला आईंना हे सांगावंसं वाटलं. बुधवारी. मग तिला आठवलं.

कुंपणाला लागून आईने उरलेल्या पाकळ्या हाताला येतील तशा खोचल्या होत्या. दीड हाताची वेडीवाकडी ओळ. तिला व्हॉल्व्ह नव्हता आणि तिच्याकडे पायरीवरून नजर जात नव्हती. आत्याच्या लक्षात आलं म्हणून बाबांनी तीही उकरली. तिथे अठरा गड्डे निघाले. घट्ट, कोरडे, पांढरे, जांभळ्या रेघांचे, पेटीतून काढल्यासारखे. बाबांनी ते अठरा बाजूला घेतले, पातीसकट जुडी बांधली आणि खोलीत सावलीत टांगली.

"बियाण्याला," ते म्हणाले.

मग हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, साबणाने, दोनदा. आईने चाळीस वर्षं असंच धुवायला लावलं होतं. हात पुसून त्यांनी आत्यासमोर धरला.

"दे."

*

पाकिटात एकच पान होतं. छापील. वर शाळेचा शिक्का आणि खाली मोठ्या अक्षरांत: वसतिगृहातील निवासाची मुदत एका वर्षाने वाढविण्यासाठी निकटच्या नातेवाइकाचे ना-हरकत पत्र. नाव, नातं, पत्ता, सही. तळाशी एक चौकट, चार रेघांची: इतर काही विनंती असल्यास येथे नमूद करावी.

धाकटीने बाबांच्या खांद्यावरून वाचलं, आणि एका वर्षाने एवढे दोन शब्द मोठ्याने उच्चारले. ते इतके स्पष्ट आले की कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने मागे वळून बघितलं.

बारा वाजता फोन वाजला तेव्हा बाबांनी तो घेतला आणि टाकीच्या मागे गेले. या वेळी त्यांनी पडदा स्वतःच्या समोर धरला.

"निघाला?" आई म्हणाली.

"निघाला. डावा सडला. उजवा फुटला. कुंपणाकडचा चांगला निघाला."

"किती?"

"अठरा."

"पुरतात बियाण्याला."

"तेच म्हणालो मी."

टाकीच्या आत कुठेतरी थेंब पडत होता.

"वाचलंत?"

"वाचलं."

"मला तुम्हाला आधी सांगायचं होतं. पण तुम्ही रोज सांगायचात, लसूण अजून हिरवा आहे. मला कळत होतं तुम्ही पाणी घालताय. इतक्या उशिरापर्यंत हिरवा राहतो का कधी? मला वाटलं, राहू दे. मलाही ते बरं वाटायचं."

"मग आज काढा का म्हणालीस?"

"आज चिखल बघितला म्हणून."

बाबांनी मान हलवली. "केस चांगले दिसतात."

"खोटं बोलू नका."

"सवय होईल."

"इथे सकाळी साडेपाचला धुकं असतं," आई म्हणाली. "चोवीस मुली रांगेत उभ्या राहून हात धुवायला शिकतात. मी नुसती मागे उभी असते. एकीचं बोट चुकलं तरी मला मागून कळतं. अहो, मी जन्मभर कुणाच्या तरी हातात काहीतरी देत उभी होते. कात्री द्या, चिमटा द्या. आता मला विचारतात, मॅडम, का? कुणी मला का असं विचारलंच नव्हतं. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

"बरं."

"आणि संध्याकाळी सहा वाजता, दिवे लागतात तेव्हा, इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. दोन्ही वाटतं. एक वाटलं म्हणून दुसरं जात नाही."

"मी येऊ तिकडे?"

"बायकांचं हॉस्टेल आहे हो. इथे एक बोका आहे, त्यालाही फाटकाबाहेर ठेवतात. रोज येऊन बसतो बिचारा."

"त्याला काही घालता का खायला?"

"घालतात. पण आत घेत नाहीत."

दोघंही हसले. आई आधी थांबली.

"तुम्हाला हरकत आहे का? खरं सांगा. त्यावर नुसती सही नको. मी खरंच विचारतेय."

रात्री-अपरात्री कुठल्या तरी इमारतीत कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचं आणि बाबा उठून जायचे. त्या सगळ्या वर्षांत आईने एकदाही विचारलं नव्हतं, कधी येणार. तिने दिवा तेवढा चालू ठेवलेला असायचा. बाबांना वाटायचं तो बंद करायला ती विसरते.

"हरकत नाही," ते म्हणाले. "त्रास आहे. पण हरकत नाही."

"त्रासाची चौकट नाहीये त्यावर."

"बघतो."

फोन ठेवून ते टाकीमागून बाहेर आले. चौघंही अशी कामात गुंतली होती की त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकलाय हे स्पष्ट होतं. थोरला रिकामा वाफा उकरत होता.

"पेन आहे का कुणाकडे?"

सुनेने दिलं. बाबा पायरीवर बसले. कागद मांडीवर, खाली आधाराला थर्मासचं झाकण, मग ते गोल आहे हे लक्षात आल्यावर आत्याची पर्स. नाव लिहिलं. नातं: पती. पत्ता लिहिला. हरकत नाही, यावर खूण केली. सही केली. लिफ्ट तपासून झाल्यावर दाराला लावायच्या चिठ्ठीवर करायचे तशीच, सुरक्षित आहे, अशी सही.

धाकटी शेजारी येऊन बसली. मग दुसऱ्या बाजूला थोरला. सून मागे उभी राहिली. पायरी तिघांची नव्हती, पण कुणी उठलं नाही.

"झालं?" आत्या म्हणाली. "दे, उद्या टपालात टाकते."

"थांब," बाबा म्हणाले, आणि तळाच्या चौकटीत, बारीक आणि सरळ अक्षरात, चार रेघा संपल्यावर समासात जाऊन लिहिलं:

मा. वसतिगृह अधीक्षक यांस सविनय कळविण्यात येते की, उपरोक्त कर्मचारी आपल्याकडे रुजू होण्यापूर्वी बारा वाफे लसूण लावून गेल्या होत्या व काढणीच्या आत परतण्याचे त्यांनी तोंडी आश्वासन दिले होते. लसूण वेळेवर तयार झाला, यात कर्मचाऱ्याचा दोष नाही व लसणाचाही नाही. सबब, येत्या लागवडीपासून हिवाळ्याची मुदत सदर कर्मचारी प्रत्यक्ष घरी पोचेपर्यंत वाढवून मिळावी, व तोपर्यंत आपल्या कार्यक्षेत्रातील अथवा बाहेरील कोणत्याही लसणास पिवळे पडण्याची परवानगी देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.